माझं मत, मलाच

परवा दिवसभर पाऊस लागून राहिला होता. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, लाइट येऊन-जाऊन होती, म्हणून लॅपटॉपच्या बॅटरीवर मी स्टीमवरची, म्हणजे लेखाला वाचकांची मतं पडली की पैसे मिळतात अशा इंटरनेटवरच्या एका ठिकाणची, माझी जुनी मतं मोजत बसले. २०१८ चा एप्रिल महिना. तीस दिवसांत मी २९४ मतं दिली होती. त्यांतली २७१ मी मलाच दिलेली. १८ आमच्या गटातल्या चौघांना, आणि त्या चौघांनी मला तेवढीच परत केलेली. उरली पाच.

हे आकडे आठवणीवरचे नाहीत. स्टीम ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकदम ठेवलेल्या नोंदींच्या साखळीवर, चालतं. तिथे एकदा नोंदलं की ते खोडता येत नाही. कुणी कुणाला, कोणत्या मिनिटाला, किती टक्क्यांचं मत दिलं हे आजही कुणीही उघडून पाहू शकतं. इतकी वर्षं मीच उघडलं नव्हतं. तेव्हा मी जे केलं ते मला चुकीचं वाटत नव्हतं, आज वाटतं. मधल्या काळात काय बदललं ते नीट लिहून काढायचं आहे.

माझं डीटीपीचं दुकान बेळगावात, वडगाव भागात आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, गणेश मंडळांची पावती पुस्तकं. मराठीला श्री-लिपी आणि कन्नडला नुडी, टाइप करायची ही दोन्ही सॉफ्टवेअरं बोटांत बसलेली आहेत. थंडी पडायला लागली की स्मरणिकांचं काम येतं. कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा आमच्या खेड्यांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला सांगितलं तर त्याला आधी खरं वाटत नाही. ग्रंथदिंडी निघते, लेझीम असते, शेतातली कामं आवरून बायामाणसं कथाकथन ऐकायला मांडवात येऊन बसतात. १९४६ साली याच बेळगावात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्यामुळे इथे मराठीत चार ओळी लिहिणं हा कुणाचा रिकामा उद्योग समजला जात नाही. पण पैसा त्यात नाही. कवी पदरचं तिकीट काढून येतो, कविता म्हणतो, शाल-नारळ घेऊन शेवटची बस गाठतो. स्मरणिकेची पानं लावताना मला नेहमी वाटायचं, यांच्या हातावर कुणी कधी दोन रुपये ठेवील काय.

म्हणून २०१७ च्या पावसाळ्यात एका ओळखीच्या मुलाने स्टीमबद्दल सांगितलं तेव्हा मी कान टवकारले. नेड स्कॉट आणि डॅनियल लॅरिमर यांनी २०१६ च्या मार्चमध्ये सुरू केलेली ही साखळी. तिच्यावर लिहायचं, वाचणाऱ्यांनी मत द्यायचं, आणि मत पडलं की पैसे. जाहिरात नाही, संपादक नाही, मालकाची मर्जी नाही. मराठीतही लिहिता येतं. मी पहिला लेख आईच्या हातच्या कुंद्यावर लिहिला, दुधाचा खवा कुठवर आटवायचा आणि रंग कधी धरतो त्यावर. सात दिवसांनी त्याचे एक डॉलर चाळीस सेंट जमा झाले. लिहून मिळालेला माझ्या आयुष्यातला तो पहिला पैसा. त्या रात्री मी कितीदा ती स्क्रीन उघडून पाहिली असेल.

हे पैसे येतात कुठून, हे मला पुढे समजलं. रोज नवी नाणी तयार होतात आणि त्यांतला मोठा वाटा एका सामाईक साठ्यात पडतो. त्या साठ्यातलं कुणाला किती, हे मतांवर ठरतं. पण इथे माणसामागे एक मत नाही. ज्याची जितकी नाणी साखळीत गुंतलेली, तितकं त्याच्या मताला वजन. मताची ताकद वापरली की कमी होते आणि दिवसाला वीस टक्के भरून येते. एक पूर्ण मत दोन टक्के खातं, म्हणजे रोज दहा पूर्ण मतं. ज्यांची गुंतवणूक प्रचंड त्यांना व्हेल म्हणायचे, आमच्यासारख्यांना मिन्नो, म्हणजे चिंगळ्या. साठा एकच असल्यामुळे एकाला जे जास्त जातं ते दुसऱ्या कुणाचं तरी कमी होतं. हे शेवटचं वाक्य मी त्या वेळी वाचलं होतं. समजून घेतलं नव्हतं.

स्वतःच्या लेखाला स्वतः मत द्यायला साखळीची मनाई नव्हती. लेख टाकतानाच एक चौकट असायची, तिच्यावर खूण केली की आपलं मत आपल्या लेखाला आपोआप पडायचं. मी पहिल्या दिवसापासून खूण करत आले. त्यात मला वावगं वाटलं नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर एका लेखाला एक मत स्वतःचं, यात आजही फार वावगं वाटत नाही. निवडणुकीला उभा राहिलेला माणूसही स्वतःला मत देतोच.

पण त्याचं मत एकच असतं. माझी रोज दहा होती.

डिसेंबरात मी साठवलेले चाळीस हजार रुपये घातले. स्टीमचा भाव वर चालला होता, जानेवारी २०१८ च्या पहिल्या आठवड्यात तो आठ डॉलरच्या वर गेला. मला वाटलं, आता लिहिणं आणि पोट यांची सांगड बसली. मग भाव उतरायला लागला. ६ एप्रिलला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक निघालं, बँकांनी आभासी चलनाच्या व्यवहारांना सेवा देऊ नये म्हणून. (सर्वोच्च न्यायालयाने ते मार्च २०२० मध्ये रद्द केलं, पण तोवर दोन वर्षं गेली होती.) पैसे काढायची वाट अरुंद झाली. चाळीस हजारांचं काय होणार या धास्तीने मी हिशेब मांडला. माझं एक पूर्ण मत सात-आठ सेंटांचं. रोज दहा मतं मलाच दिली तर महिन्याला चौदा-पंधराशे रुपये माझे मला. दुसऱ्याला दिली तर मतदाराला मिळणारा लहानसा वाटा तेवढा माझा. तेव्हा वाट्याची पद्धत अशी होती की लेखाच्या रकमेतले पंचाहत्तर टक्के लिहिणाऱ्याला आणि पंचवीस टक्के मत देणाऱ्यांत वाटून. दुसऱ्याचं लिखाण वाचून, आवडून, त्याला मत देणं हे आतबट्ट्याचं झालं होतं.

दहा मतं स्वतःला द्यायची तर स्वतःचं दहा ठिकाणी काही असायला हवं. मग एक लेख चार भागांत तोडायचा. प्रत्येक भागाखाली आपणच आपली टीप लिहायची, "पुढील भाग उद्या", आणि त्या टीपेलाही मत. कुणी प्रतिक्रिया दिली की "धन्यवाद", आणि त्या धन्यवादाला पूर्ण मत. मला एप्रिलच्या यादीत असे सत्त्याण्णव "धन्यवाद" सापडले. ज्याने वेळ काढून वाचलं, दोन ओळी लिहिल्या, त्याच्या ओळींना काही नाही, आणि माझ्या धन्यवादाला सात सेंट.

आमच्या आईची भिशी होती. वडगावच्या गल्लीतल्या वीस बायका, महिन्याला पाचशे, दहा हजारांची भिशी. नवऱ्याच्या मागावरच्या मजुरीतून वाचवलेले पाचशे रुपये पदराच्या गाठीत बांधून त्या यायच्या. चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकून आई डबा हलवायची आणि गल्लीतल्या कुठल्या तरी लहान पोराला म्हणायची, काढ रे बाळा. एकदा पोर सापडलं नाही, पाऊस होता. एक शेजारीण म्हणाली, "अक्का, तूच काढ की, तुझ्यावर कोण संशय घेतंय?" आई म्हणाली, "डब्यात माझं बी नाव हाय की. ज्याचं नाव डब्यात त्याचा हात डब्यात नको." आणि सगळ्या बायका छत्री घेऊन समोरच्या घरात जाऊन तिथलं झोपलेलं पोर उठवून घेऊन आल्या. हे मी स्वतः पाहिलं आहे, आठ-नऊ वर्षांची असेन. एप्रिल २०१८ मध्ये ते मला एकदाही आठवलं नाही.

आमच्यासारख्यांचं म्हणणं त्या वेळी असं असायचं की नाणी माझी, जोखीम माझी, मत माझं, मी ते कुणालाही देईन. वाद घालायला बसलं तर हे म्हणणं सहज मोडता येत नाही. मी भांडवल घातलं म्हणून भाव टिकला, भाव टिकला म्हणून लेखकांना काही मिळालं, असंही पुढे जोडता येतं. पण साठा माझा नव्हता. साखळी लिहिली गेली तेव्हाच तो ज्यांचं लिखाण दुसऱ्या कुणाला मोलाचं वाटेल त्यांच्यासाठी म्हणून बाजूला काढलेला होता. नाण्यांवरचं व्याज म्हणून वेगळा वाटा होता आणि तो मला आपोआप मिळत होता. मी लेखकांच्या वाट्यातूनही व्याज काढत होते.

यातली गोम मला बऱ्याच उशिरा, कागदावर आकडे मांडून कळली. सुरुवातीला मताचं वजन वर्गाने वाढायचं. दसपट नाणी असली तर शंभरपट परिणाम. त्यात चिंगळीने स्वतःला मत देऊन काही होत नसे, पण दोन-चार व्हेल मिळून सगळा साठा आपल्या मर्जीने वळवायचे. लोकांनी आरडाओरड केली आणि २०१७ च्या जूनमध्ये ती पद्धत बदलून सरळ हिशेब आला, दसपट नाणी तर दसपट परिणाम. न्याय झाला असं सगळ्यांना वाटलं. पण सरळ हिशेबात माझं मत मलाच देण्याची किंमत मला पक्की कळते, आणि दुसरं कुणी आलं न आलं तरी ती माझ्या हातात पडते. बरं, उलट टोकाला जाऊन मोठ्यांचं वजन कमी करावं, तर जो आपली नाणी पन्नास खोट्या खात्यांत वाटेल त्याचा फायदा. साखळीला माणूस ओळखता येत नाही, खातं तेवढं दिसतं. एक भिंत चढवली की दुसरीकडून पाणी आत येणार. आईच्या भिशीत वीस बायका एकमेकींना ओळखत होत्या, हीच सगळी भिशी होती. ती ओळख काढून टाकली तर डबा, चिठ्ठ्या, वही, सगळं तसंच राहील आणि महिन्याभरात कुणीतरी वीस नावांनी एकटीच येऊन बसेल.

माझ्याच काळात मतं विकत मिळायला लागली. बॉटला, म्हणजे आपोआप मतं देणाऱ्या प्रोग्रॅमला, पैसे पाठवायचे, तो आपल्या लेखाला मोठं मत देऊन जायचा. नाणी असणारे आपलं वजन त्या बॉटांना भाड्याने द्यायचे आणि घरबसल्या भाडं खायचे, वाचायची कटकट नाही. सर्वांत वर दिसणाऱ्या लेखांचं पान उघडलं तर विकत घेतलेल्या मतांची रांग. मीही दोनदा घेतलं. ज्या सेवेकडून घेतलं तिने एकदा पैसे घेऊन मत दिलंच नाही, पण तिचं नाव घ्यायची मला गरज वाटत नाही, मी तिथे गेलेच का हा माझा प्रश्न आहे. कुंद्यावरच्या माझ्या पहिल्या लेखाला एक चाळीस मिळाले तेव्हा सहा माणसांनी तो वाचला होता आणि एका नागपूरच्या बाईंनी खवा करपल्यावर काय करायचं ते विचारलं होतं. विकत घेतलेल्या मताने अकरा डॉलर दाखवलेल्या लेखाखाली एकही माणूस नव्हता.

आणि मराठीचं आणखी एक दुखणं होतं. चांगलं लिखाण शोधून मत देणारे काही गट होते, मनापासून काम करणारे. पण त्यांच्यात मराठी वाचणारं कुणी नाही. ते यंत्राने भाषांतर करून पाहायचे, अर्थ लागला नाही की पुढे जायचे. चोरलेलं लिखाण पकडणारेही इंग्रजीतलं पकडायचे. जुन्या दिवाळी अंकांतले लेख जसेच्या तसे टाकणारे मराठी लोक मी पाहिले, कुणी विचारलं नाही, आणि ओळखूनही मी बोलले नाही, कारण बोलले तर माझंही कुणी उघडून पाहील ही भीती होती. त्या भाषेत लिहिणारे आम्ही चाळीस-पन्नास. आमच्या लिखाणाची पारख करू शकणारे आम्हीच, आणि आम्ही आपापल्या मतांची मूठ आवळून बसलेले. इंग्रजीत हजारोंमध्ये दोनशे जणांनी असं केलं तरी वाचणारे उरतात. आमच्यात आम्ही पाच जणांनी गट केला तेव्हाच वाचणारे संपले.

मे महिन्यात माझ्या सलग नऊ टीपांवर कुणा अनोळखी राखणदाराने उलटं मत टाकलं. सगळ्यांची रक्कम शून्यावर. त्या काळी उलटं मत देणं म्हणजे आपलीच रोजच्या दहातली ताकद खर्चणं. देणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही, रक्कम साठ्यात परत जाऊन सगळ्यांत विभागली जाते. शिवाय समोरचा मोठा असला तर तो सूड घेणार. त्यामुळे ते फार थोडे लोक करायचे, आणि आता वाटतं, त्या माणसाने पदरमोड करून ते केलं. तेव्हा माझ्या अंगाची आग झाली. मी रात्री बसून लेख लिहिला. मथळा: "मराठीवर अन्याय". सीमाभागातली मी एक मराठी बाई, इथे फलकावर माझी भाषा नाही, कार्यालयात माझी भाषा नाही, आणि आता या मुक्त म्हणवणाऱ्या साखळीवरही माझी मुस्कटदाबी. एका तासात सुचला. सगळे शब्द तयारच होते.

दुसऱ्या दिवशी मी तो काकांना वाचून दाखवला. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. १९९६ च्या लोकसभेला बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते, त्यांतले ते एक. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष जावं म्हणून मराठी माणसांनी एवढे अर्ज भरले होते. अनामत तेव्हा पाचशे रुपये होती, त्याच वर्षी ती वाढवून सर्वसाधारण जागेसाठी दहा हजार केली गेली. काकांनी ते पाचशे दुकानाच्या गल्ल्यातून काढून भरले आणि ते गेले. १७ जानेवारीला, १९५६ च्या गोळीबारात गेलेल्यांना वंदन करायला, ते अजून हुतात्मा चौकात जातात, गुडघे धरले तरी.

त्यांनी लेख शेवटपर्यंत ऐकला. मग विचारलं, "ते पैसे शून्य केले म्हणतीस, ते मुळात दिलेले कुणी?"

"मतं पडलेली."

"कुणाची?"

"माझीच."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग अन्याय कुणावर झालाय गे?"

मी वाद घातला. नियमात बसतं म्हटलं, सगळेच करायल्यात म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. मी सहज, थोडं चिडूनच, विचारलं, "तुम्ही नाही दिलंत काय शहाण्णवला स्वतःला मत?" ते म्हणाले, "नाही. ४५६ नावं होती. मी माझ्या शेजारच्याला दिलं, त्यानं कुणाला दिलं मी विचारलो नाही. आम्ही मतं मिळवायला उभा नव्हतोच." आणि उठताना म्हणाले, "तो शब्द तेवढा काढ त्यातला. अन्याय. तो लई महागात पडलाय आम्हाला."

लेख मी टाकला नाही. पण मतंही थांबवली नाहीत, हे इथे लिहायलाच हवं. काकांचं बोलणं मला लागलं आणि मी पुढचे कितीतरी महिने तेच करत राहिले. वर्षाअखेर स्टीम अर्ध्या डॉलरच्या खाली आला तेव्हा मी थांबले, आणि थांबले ती पटलं म्हणून नाही, परवडेना म्हणून.

त्यानंतरचं मी लांबून पाहिलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये साखळीचे नियम पुन्हा बदलले. लेखक आणि मतदार यांचा वाटा निम्मा-निम्मा झाला, म्हणजे दुसऱ्याचं चांगलं शोधून मत देणाऱ्यालाही काही मिळावं. उलट्या मतांसाठी वेगळी थोडी ताकद राखून ठेवली, राखणदाराला आपली झीज सोसावी लागू नये म्हणून. बॉटांचा धंदा त्याने बसला. पण त्याच बदलात लहान रकमांचा हिशेब सरळ रेषेपेक्षा खाली खेचला, टीपांवर मतं मारणाऱ्या माझ्यासारख्यांना चाप लावायला. आणि त्यात खरोखर लिहिणारी मराठी माणसं, ज्यांच्या लेखाला एरवीही दहा-वीस सेंटच मिळायचे, तीही चेपली गेली. माझ्या हावरटपणावरचं औषध त्यांना घ्यावं लागलं.

२०२० मध्ये तर मोठ्या माणसांनी हेच अवाढव्य करून दाखवलं. ट्रॉन या दुसऱ्या साखळीच्या जस्टिन सन यांनी फेब्रुवारीत स्टीमिट, म्हणजे स्टीमची मूळ कंपनी, विकत घेतली. तिच्याकडे सुरुवातीच्या दिवसांतला नाण्यांचा मोठा साठा होता. साखळी चालवणाऱ्या वीस प्रमुख विटनेसांची निवडही मतांच्या वजनावरच होते. त्या विटनेसांनी तो साठा गोठवला. मार्चच्या सुरुवातीला काही बड्या एक्स्चेंजांकडे, म्हणजे नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या बाजारांकडे, ग्राहकांनी ठेवलेली नाणी सन यांच्या बाजूने मतदानाला लावली गेली आणि वीसच्या वीस माणसं बदलली. त्या एक्स्चेंजांतल्या काहींनी मागाहून मतं काढून घेतली. २० मार्चला बरेच जुने लोक हाइव्ह नावाची वेगळी साखळी काढून बाहेर पडले. जुने लेख दोन्हीकडे तसेच राहिले, घर वाटून घेताना देव्हारा दोघांनीही नेल्यासारखे. त्या दिवसांत मी एक्स्चेंजवाल्यांवर फार संतापले होते. दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेलं वजन आपल्या कामाला लावलं म्हणून.

आता त्या पाच मतांकडे येते.

चार कुणाला दिली ते पाहून काही आठवलं नाही. पाचवं एका मुलीला होतं. खानापूर तालुक्यातल्या जंगलाकडच्या गावातली, तेव्हा बारावीला असावी. तिने एकूण अकरा लेख लिहिले. परवा मी ते सगळे वाचले, पहिल्यांदाच. पावसात गावाकडची वाट बंद होते तेव्हा शाळेला कसं जायचं, त्यावर एक. आजीने अस्वल पाहिलं त्यावर एक. भातलावणीवर तीन. शब्दाला शब्द जोडताना अडखळते, शुद्धलेखनात चुका आहेत, पण चिखलात उभं राहून पाठ कशी धरते आणि संध्याकाळी सरळ होताना बायका एकमेकींना कशा हसतात, ते वाचताना माझी आई मला दिसली, तिचं माहेर त्याच बाजूचं. हे लिखाण माझ्या स्मरणिकेत आलं असतं तर मी ते पहिल्या पानांत लावलं असतं.

माझं तिला दिलेलं मत एक टक्क्याचं होतं. घसरपट्टी सरकवून मताचं वजन ठरवता येतं, आणि मी ती डावीकडे शेवटपर्यंत नेली होती. माझं पूर्ण मत सात-आठ सेंटांचं, त्याचा एक टक्का. दोन सेंटांखालची रक्कम साखळी देतच नाही, धूळ समजून सोडून देते. म्हणजे मी तिला काहीच दिलं नव्हतं, फक्त यादीत माझं नाव दिसावं एवढं केलं होतं. तिच्या अकराही लेखांखाली मिळकत शून्य आहे. माझं एक पूर्ण मत पडलं असतं तरी ती रक्कम धुळीच्या वर गेली असती. तिच्या खात्यावर पाच-सहा सेंट जमा झाले असते, आणि एक चाळीस पाहून मला जे झालं होतं तसं काहीतरी तिलाही झालं असतं.

आणखी एक सापडलं. माझ्या एका लेखाखाली तिची प्रतिक्रिया होती. "ताई तुमचे लेख मी वाचते. एक विचारायचे होते. भाताच्या रोपाला आमच्यात तरवा म्हणतात. लेखात तरवा लिहू काय रोप लिहू? पुस्तकात रोप असते." त्याखाली माझं उत्तर: "धन्यवाद! असंच लिहीत राहा." आणि त्या उत्तराला मत, माझं, शंभर टक्के. सत्त्याण्णवांतलं एक.

त्यानंतरच्या तिच्या लेखांत सगळीकडे रोप आहे. जुलैनंतर लेख नाहीत.

लाइट गेली होती, बॅटरी अकरा टक्क्यांवर आली होती. सात दिवसांनंतर लेखाला मत देऊन उपयोग नसतो, पण प्रतिक्रिया कधीही लिहिता येते. हाइव्हवर तिचा भातलावणीचा पहिला लेख उघडला. मोबदला नको असा एक पर्याय असतो, तो निवडला. ती ते खातं कधी उघडेल असं वाटत नाही. तरी लिहिलं, "तरवाच लिही. रोप मिरचीचंही असतं, वांग्याचंही. तरवा म्हटलं की भातच. उशीर झाला उत्तर द्यायला."